कॉलेज बास्केटबॉल: खेळाडूंचे मानधन, बदल्या आणि चुरस

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते स्पष्ट राहील. आपण अमेरिकेतल्या एका मध्यम विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आहात आणि तिथल्या पुरुष संघाचे बास्केटबॉल वर्षानुवर्षे पाहत आला आहात. एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था; तिची बाद पद्धतीची स्पर्धा दर मार्चमध्ये होते आणि तिच्या चार विभागांपैकी प्रत्येकात संघांना १ ते १६ असे मानांकन मिळते. २०२५ च्या त्या स्पर्धेत ड्यूक, ह्यूस्टन, फ्लोरिडा आणि ऑबर्न हे चारही अव्वल मानांकित संघ अंतिम चौघांत पोहोचले. असे त्याआधी फक्त एकदाच, २००८ मध्ये घडले होते. त्यावरून आपण विचारता की खेळाडूंना मिळणारे मानधन आणि दरवर्षी विद्यापीठ बदलण्याची मोकळीक यांमुळे लहान संघांचा खेळ संपला आहे का. शिवाय खेळाडूंच्या निधीसाठी देणगी मागणारे पत्र आपल्याला आले आहे आणि त्याचे काय करावे हाही आपला प्रश्न आहे. मी अशाच एका मधल्या फळीतल्या संघासाठी आकडेवारी आणि सामन्यांच्या चित्रफिती अभ्यासण्याचे काम करतो. आपले चांगले खेळाडू वर जाताना पाहणाऱ्या बाजूचा मी माणूस आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

चुरस वाढली की घटली, याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी आणि बिग ईस्ट या श्रीमंत कॉन्फरन्समधल्या (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) संघांची आपापसातली चुरस वेगळी, आणि त्या संघांची उरलेल्या सुमारे तीनशे संघांशी असलेली चुरस वेगळी. माझ्या मते पहिली वाढली आहे आणि दुसरी घटली आहे. मात्र दुसरी घटण्याचे खरे कारण निव्वळ पैसा आहे, असे मला वाटत नाही. लहान संघांकडे पूर्वी एक हुकमी पत्ता होता, तो म्हणजे वयाने मोठे आणि अनेक वर्षे एकत्र खेळलेले खेळाडू. नव्या व्यवस्थेत नेमका तो पत्ता विकत मिळू लागला आहे.

पैसा या खेळात पूर्वीही होता, फक्त तो खेळाडूच्या हातात उघडपणे पडत नव्हता. प्रशिक्षकांचे पगार, खासगी विमाने, सरावाच्या आलिशान इमारती यांवर तो खर्च होई, आणि काही ठिकाणी टेबलाखालून जाई. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने चार सहायक प्रशिक्षकांसह दहा जणांना अटक केली, ती याच व्यवहारांसाठी. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिला. तो निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण त्यानंतर संस्थेची ताठर भूमिका टिकणे कठीण झाले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या व्यावसायिक वापराचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. यालाच सगळे एनआयएल म्हणतात.

त्याच वर्षी दुसरा नियम बदलला, आणि तो माझ्या कामाच्या दृष्टीने पहिल्याहून मोठा होता. तोपर्यंत पदवी पूर्ण न झालेल्या बास्केटबॉलपटूने विद्यापीठ बदलले, तर त्याला सर्वसाधारणपणे एक हंगाम बाहेर बसावे लागे. एप्रिल २०२१ मध्ये एका बदलीपुरती ही अट काढली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने पुढच्या बदल्यांवरचे बंधनही रोखले आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलला. अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्या की आता कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येते. बदलीची किंमत एका हंगामावरून शून्यावर आली आणि नेमक्या त्याच काळात बदली करणाऱ्याला बाजारभाव मिळू लागला. हे दोन बदल एकत्र आले म्हणूनच परिणाम एवढा मोठा झाला. नुसते एनआयएल आले असते आणि बाहेर बसण्याची अट राहिली असती, तर आपला प्रश्न बहुधा उद्भवलाच नसता.

आता त्या हुकमी पत्त्याविषयी. एनबीए या व्यावसायिक लीगच्या किमान वयाच्या अटीमुळे २००६ पासून अव्वल गुणवत्तेची मुले एक वर्ष कॉलेजात खेळत आणि निघून जात. केंटकी आणि ड्यूक यांसारखे संघ दरवर्षी अशी अठरा-एकोणीस वर्षांची मुले घेत. २०१२ मध्ये केंटकीने आणि २०१५ मध्ये ड्यूकने याच मार्गाने विजेतेपद मिळवले. पण अशा संघाची मार्चमध्ये गाठ पडे ती बावीस-तेवीस वर्षांच्या, अंगाने भरलेल्या आणि एकमेकांच्या हालचाली डोळे मिटून ओळखणाऱ्या खेळाडूंशी. २१ मार्च २०२४ रोजी चौदाव्या मानांकित ओकलंडने तिसऱ्या मानांकित केंटकीला ८० विरुद्ध ७६ असे हरवले. त्या सामन्यात ओकलंडच्या जॅक गोल्कीने दहा थ्री-पॉइंटर (दुरून मारलेले तीन गुणांचे फटके) मारून ३२ गुण केले. तो एनसीएएच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या हिल्सडेल कॉलेजातून आलेला, पदवी पूर्ण झालेला खेळाडू होता. समोर पहिल्या वर्षाची, एनबीएच्या उंबरठ्यावरची मुले होती. धक्कादायक निकालांमागचे जुने गणित बहुतेक वेळा असेच असे.

त्या सामन्यानंतरची गोष्ट वर्तमानपत्रांत कमी आली. ओकलंडचा सर्वांत भरवशाचा खेळाडू ट्रे टाउनसेंड पुढच्या हंगामात अॅरिझोनाकडून खेळला. आणखी बोलके उदाहरण फ्लोरिडा अटलांटिकचे आहे आणि त्यावर मी थोडा रेंगाळतो, कारण नव्या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू त्या एका संघात दिसतात. २०२३ मध्ये नववे मानांकन असलेला हा संघ अंतिम चौघांत पोहोचला आणि उपांत्य सामना सॅन डिएगो स्टेटकडून अवघ्या एका गुणाने हरला. सॅन डिएगो स्टेटच्या लमाँट बटलरने शेवटच्या क्षणी बास्केट केली नसती, तर हा संघ अंतिम सामन्यात असता. त्यांचा उंच सेंटर व्लाद गोल्डिन टेक्सास टेक या मोठ्या विद्यापीठातून बदली घेऊन खाली आला होता, म्हणजे बदलीच्या सोयीने लहान संघालाही दिले होतेच. त्या यशानंतर जवळजवळ सगळा संघ आणखी एक वर्ष एकत्र राहिला, हेही नोंदवायला हवे. मात्र मार्च २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत हार झाली, प्रशिक्षक डस्टी मे मिशिगनला गेले, आणि पाठोपाठ संघ विखुरला. गोल्डिन प्रशिक्षकांबरोबर मिशिगनला, जॉनेल डेव्हिस आर्कन्सॉला आणि अलिजा मार्टिन फ्लोरिडाला गेला. बटलरसुद्धा तोवर केंटकीत पोहोचला होता.

२०२५ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या फ्लोरिडाच्या पहिल्या पाचांकडे पाहिले की साखळी पूर्ण होते. वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनातून, विल रिचर्ड बेलमाँटमधून, मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून आणि रुबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटमधून आलेला होता. ऑबर्नचा मुख्य खेळाडू जोनी ब्रूम मोरहेड स्टेटमधून आला होता. एरवी लहान संघांना मार्चमध्ये धक्के देता आले असते ते ज्यांच्या जोरावर, तेच खेळाडू आता मोठ्या संघांकडून खेळत होते. ड्यूक मात्र अजूनही मुख्यतः पहिल्या वर्षाच्या मुलांवर उभा होता, तेव्हा जुना मार्ग बंद झाला असे म्हणता येणार नाही. कूपर फ्लॅगसारखा खेळाडू मिळाला तर वयाचा हिशेब मागे पडतो, पण तसा खेळाडू वर्षाला एकाच विद्यापीठाला मिळतो.

माझ्या रोजच्या कामात हे कसे दिसते तेही सांगतो. हंगामाच्या शेवटी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, उघडते. अलीकडे त्यात एका हंगामात पहिल्या श्रेणीतले दोन हजारांहून अधिक पुरुष खेळाडू असतात, आणि पहिल्या श्रेणीत संघ आहेत सुमारे ३६०. यादीतल्या एखाद्या गार्डने (चेंडू खेळवणाऱ्या बाहेरच्या खेळाडूने) सामन्यामागे अठरा गुण केलेले असतात. मी ते अठरा गुण बाजूला ठेवतो आणि तो मैदानावर असताना संघाच्या किती टक्के चाली त्याच्या हातात संपल्या ते पाहतो. लहान संघात हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असेल, तर आमच्याकडे ते वीसच्या आसपास येणार. चेंडू हातात नसताना तो काय करतो, हाच मग खरा प्रश्न उरतो. त्यानंतर त्याचे फक्त तगड्या संघांविरुद्धचे सामने वेगळे काढतो. ते अनेकदा चार-पाचच निघतात. त्यांच्या चित्रफितीत रिंगखाली शिरल्यावर त्याचे किती फटके अडवले गेले, उंच बचावपटू अंगावर आला की तो चेंडू कोणाकडे देतो, आणि चौथ्या-पाचव्या पासनंतर बचावात त्याचे पाय चालतात का, हे मी मोजतो. या कामाला पूर्वी उन्हाळा मिळे. आता दोन-तीन दिवस मिळतात, कारण तेवढ्यात तो दुसरीकडे शब्द देऊन मोकळा होतो. घाईत केलेली निवड चुकण्याची शक्यता वाढते, आणि चूक पचवण्याची ताकद श्रीमंत संघाकडे जास्त असते. अंतर वाढण्याचे हेही एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

दुसरी अडचण भावाची. खेळाडूचा प्रतिनिधी (एजंट) फोनवर सांगतो की अमुक ठिकाणाहून इतका देकार आहे, आणि तो खरा की खोटा हे तपासण्याचा मार्ग नसतो. हंगामात सगळ्यांत जास्त प्रगती केलेल्या आमच्याच खेळाडूविषयी असा फोन येतो, तेव्हा बोलली जाणारी रक्कम कधी कधी आमच्या अर्ध्या संघाच्या मानधनाएवढी असते. अशा वेळी प्रशिक्षक त्याला शुभेच्छा देतात आणि मी नवी यादी काढायला बसतो.

आपण या व्यवस्थेची तुलना आयपीएलशी केली आहे, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. आयपीएलमध्ये २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची थैली १२० कोटींची, म्हणजे सारखीच होती, आणि करार संपेपर्यंत खेळाडू संघाशी बांधलेला असतो. कॉलेज बास्केटबॉलमध्ये यांपैकी एकही गोष्ट नाही. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या हाउस खटल्याच्या (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या) तडजोडीनुसार २०२५-२६ पासून विद्यापीठ स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते आणि त्याला वार्षिक मर्यादा आहे, जी २०२५-२६ साठी सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. पण ती मर्यादा सगळ्या खेळांना मिळून आहे आणि बहुसंख्य विद्यापीठे तिच्या जवळपासही पोहोचू शकत नाहीत, त्यामुळे तिला समान थैली म्हणता येत नाही. मोठ्या फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) विद्यापीठांत साधारण तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलला जातो आणि पुरुष बास्केटबॉलला पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीस लाख डॉलरच्या घरात, मिळतो. बड्या संघांच्या खर्चाविषयीचे आकडे त्याच्या कितीतरी पट सांगितले जातात, आणि तो फरक बाहेरच्या एनआयएल करारांतून भरावा लागतो. सहाशे डॉलरवरच्या अशा करारांची आता छाननी होते, पण ती किती कडक राहील हे न्यायालये ठरवतील. यातून एक गमतीशीर शक्यता मात्र निर्माण होते: ज्यांच्याकडे मोठा फुटबॉल संघच नाही, अशा बिग ईस्टमधल्या विद्यापीठांना बास्केटबॉलवर जास्त खर्च करता येतो. श्रीमंतीची जुनी उतरंड त्यामुळे थोडी हलली आहे.

वरच्या फळीत चुरस वाढली असे मी म्हटले, त्याचा पुरावा मिशिगन देते. २०२३-२४ मध्ये हा संघ ८ विजय आणि २४ पराभवांवर होता. पुढच्याच वर्षी नवे प्रशिक्षक, गोल्डिन आणि येलमधून आलेला डॅनी वुल्फ यांच्या जोरावर त्याने २७ सामने जिंकले आणि अंतिम सोळांत धडक मारली. पूर्वी अशा चढाईला तीन-चार वर्षे लागत. उलट, पैसा ओतून यश मिळेलच असेही नाही. कॅन्सस स्टेटने २०२४ मध्ये एका खेळाडूवर सुमारे वीस लाख डॉलर खर्च केल्याच्या बातम्या होत्या, आणि तो संघ १६ विजय, १७ पराभवांवर थांबून स्पर्धेबाहेर राहिला. पैशाचा अधिक चांगला उपयोग नवा खेळाडू आणण्यापेक्षा आपला खेळाडू टिकवण्यात होतो, हे माझे मत पर्ड्यूकडे पाहून पक्के झाले आहे. २०२३ मध्ये सोळाव्या मानांकित फेअरले डिकिन्सनकडून हरलेला तो संघ मोडला नाही, आणि बराचसा तोच गाभा घेऊन २०२४ च्या अंतिम सामन्यात पोहोचला.

आता या मांडणीतल्या कच्च्या जागा. २०२५ च्या अंतिम सोळांत सात संघ एसईसीचे, प्रत्येकी चार बिग टेन आणि बिग ट्वेल्व्हचे, आणि एक एसीसीचा होता. लहान कॉन्फरन्सचा एकही नव्हता. हे चित्र भीषण दिसते, पण २०२४ मध्ये पॅक-१२ ही मोठी कॉन्फरन्स फुटली आणि तिचे बहुतेक संघ इतर तीन कॉन्फरन्समध्ये विरघळले. चारच कॉन्फरन्समध्ये ६८ संघ झाल्यावर त्यांचा वाटा वाढणारच, मानधन असो वा नसो. कोविडमुळे २०२०-२१ च्या खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले होते, त्यामुळे वयस्क खेळाडूंची बाजारात काही वर्षे रेलचेल होती आणि ती आता ओसरते आहे. शिवाय नमुना फारच लहान आहे. बारावे मानांकन असलेले कोलोराडो स्टेट दुसऱ्या फेरीत मेरीलँडकडून अगदी शेवटच्या क्षणी, एका गुणाने हरले. तो चेंडू रिंगवरून बाहेर पडला असता, तर तीच आकडेवारी आपण वेगळ्या सुरात वाचली असती. आणि २०२३ मध्ये, म्हणजे पैसे व बदल्या दोन्ही सुरू झाल्यानंतर, अंतिम आठांत एकही अव्वल मानांकित संघ नव्हता. म्हणून एका मार्चवरून निष्कर्ष काढू नये. कोणते खेळाडू कुठून कुठे गेले याची वर्षानुवर्षांची दिशा पाहावी. ती दिशा मला स्पष्ट दिसते.

जाता जाता एक गोष्ट, कारण पुण्या-नागपुराकडचे पालक ती अधूनमधून विचारतात. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी खेळाडूला अमेरिकेत काम करून एनआयएलचे पैसे मिळवणे व्हिसाच्या नियमांमुळे अवघड असते. केंटकीच्या ऑस्कर शीब्वेने २०२२ मध्ये संघाच्या बहामा दौऱ्यात, म्हणजे अमेरिकेबाहेर, असे काम केले होते. मुलाच्या शिक्षणाचे गणित या पैशांवर बांधू नये आणि इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याखेरीज कशावरही सही करू नये.

राहिला देणगीचा प्रश्न. तो आपल्या विद्यापीठाच्या स्थितीवर अवलंबून आहे. ते छोट्या कॉन्फरन्समध्ये असेल, तर आपल्या पैशांनी वरच्या फळीशी बोली लावता येणार नाही, आणि तसा प्रयत्न करणारा निधी मला शहाणपणाचा वाटत नाही. मात्र अशा पातळीवर थोडी रक्कमही दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या उपयुक्त खेळाडूला तिसऱ्या वर्षासाठी थांबवू शकते. सगळ्यांना कोणी मोठा संघ बोलावत नसतो. बरेच जण थोड्याशा फरकासाठी आपल्याच तोडीच्या दुसऱ्या विद्यापीठात जातात, आणि ती गळती थांबवता येते. म्हणून देणगीआधी क्रीडा विभागाला विचारा की गेल्या वर्षी नियमित खेळणाऱ्यांपैकी किती जण परतले, निधीतला किती वाटा त्यांना टिकवण्यासाठी राखला आहे, आणि प्रशिक्षक मुदतीआधी सोडून गेले तर त्यांच्या करारानुसार विद्यापीठाला भरपाई किती मिळते. शेवटचा प्रश्न अनेकांना अप्रस्तुत वाटतो, पण २०२५ मध्ये ३१ विजय मिळवणाऱ्या ड्रेकचे प्रशिक्षक बेन मॅकॉलम आयोवाला गेले आणि त्यांचा मुख्य गार्ड बेनेट स्टर्ट्झही त्यांच्यामागून गेला. वर्षभरापूर्वी हीच जोडी दुसऱ्या श्रेणीतल्या नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटमधून ड्रेकला आली होती. प्रशिक्षक गेले की खेळाडूंना थांबवणे कोणत्याही निधीला परवडत नाही. या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर एका वर्षापुरती देणगी द्यावी, ती खेळाडू टिकवण्याच्या कामासाठीच आहे असे पत्रात लिहावे, आणि पुढचा हप्ता मेमध्ये संघाची यादी पाहून ठरवावा.